लांब बाही

बाही वर गेली आणि प्रणिता दचकली. झालं होतं एवढंच, की सिंगापुरात बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या त्या मोठ्या मंडपात, दुपारच्या गर्दीत कुणाचा तरी ट्रे कलंडला आणि वाडगाभर सूप तिच्या डाव्या हातावर सांडलं. सूप कोमटच होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीबाईंना ते काय माहीत? त्यांनी ‘अय्यो, अय्यो’ करत आपली पाण्याची बाटली उघडली, प्रणिताचं मनगट धरलं आणि एका झटक्यात तिच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली. आणि मग त्या थबकल्या. बाटली वाकडी धरलेली, पाणी फरशीवर सांडतंय, आणि आजीबाई त्या हाताकडे बघतायत. प्रणितानं हात हिसकावून घेतला, ओली बाही मनगटापर्यंत ओढली, थँक्यू-सॉरी असं काहीतरी एका दमात पुटपुटली आणि निघाली. नूडल्स टेबलावर तशाच राहिल्या. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की सूप अंगावर आलं तेव्हा ती घाबरलीच नव्हती. घाबरली ती बाही वर गेल्यावर. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, बँकेत इतरांच्या व्यवहारांतल्या जोखमी हुडकून काढणाऱ्या खात्याची मॅनेजर, आणि एका म्हातारीच्या नजरेला भिऊन पळाली. तिला आधी लाज वाटली आणि मग राग आला. राग नक्की कुणाचा, ते मात्र तिला कळेना.

सिंगापूरच्या घामट हवेत बारा महिने लांब बाह्या घालणारी बाई म्हणून ऑफिसात तिची थट्टा व्हायची. एसीचा त्रास होतो, असं ती सांगायची, आणि लोकांनाही ते पटायचं. बाहीखाली कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण होती. काही ठिकाणी कातडी चकचकीत आणि पातळ, काही ठिकाणी जाड, ओढल्यासारखी. मुलुंडच्या माहेरी तिच्या लहानपणी बंब गेला होता आणि गीझर अजून यायचा होता. आंघोळीचं पाणी गॅसवर मोठ्या पातेल्यात तापायचं. न्हाणीघरात बादलीत विसण घालून ठेवलेलं असायचं, आणि आई पातेलं फडक्यात धरून स्वयंपाकघरातून तिकडे न्यायची. रोजचंच होतं. त्या सकाळी सहा वर्षांची प्रणिता वेणीची रिबन हातात धरून, आई बांधून दे, आई बांधून दे, करत समोरून धावत आली. पुढचं तिला आठवत नाही. आठवतो तो पातेल्याचा आवाज, आणि आई रिबन उचलत होती ते. हात पोळलेला, पोरगी किंचाळतेय आणि आई खाली बसून आधी रिबन उचलतेय. माणूस असं का करतं, कोण जाणे. जखम भरल्यावर आईनं शिवणयंत्र काढलं आणि सगळ्या फ्रॉकांना लांब बाह्या लावल्या. शाळेत जाऊन बाईंची परवानगी काढली, गणवेशालाही लावल्या. त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही. न्हाऊ घालताना तो हात चोळायची वेळ आली की ती भिंतीकडे बघायची. साबण अचूक लागायचा, बोटं हलकी असायची, पण नजर भिंतीवर. प्रणिताला वाटायचं, भिंतीवर काहीतरी आहे. तीही वळून बघायची. भिंतीवर काही नसायचं.

लग्न झालं, निशिकांतनं पहिल्या महिन्यातच तो हात बघितला, विचारलं, ऐकून घेतलं, आणि मग घरातल्या कपाटासारखा तो त्याच्याही सवयीचा झाला. जाई झाली, सिंगापूरला आले, पीआर म्हणजे तिथले कायमचे रहिवासी झाले. दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल, आणि त्यातही प्रणिता कुडता किंवा लांब बाहीचा टीशर्ट घालूनच बसायची. मागच्या महिन्यात आईला चक्कर आली आणि ती पडली. फारसं लागलं नाही, पण रविवारी स्क्रीनवर दिसली ती एकदम लहान झालेली. आज एमआरटीत, ओल्या बाहीला सुपाचा वास येत असताना प्रणिताच्या मनात लख्ख उमटलं की आईनं जायच्या आधी हा हात एकदा बघायला हवा. भिंतीकडे नाही, हाताकडे बघायला हवं. पण उघडा हात तिच्यापुढे नाचवायचा म्हणजे, बघ तू काय केलंस, असं म्हणणंच झालं की. तेवढी दुष्ट ती नव्हती. समोरच्या सीटवर एक मुलगी उभ्या दांड्याला टेकून पेंगत होती. तिच्या दंडापासून मनगटापर्यंत मासे गोंदलेले होते, निळे-काळे, एकमेकांच्या मागे वळत गेलेले. सगळा डबा अधूनमधून त्या हाताकडे बघत होता आणि मुलीला त्याचं काही नव्हतं. प्रणिता दोन स्टेशनं पुढे गेली तरी तिला आपलं स्टेशन गेल्याचं कळलं नाही.

“मा? यू? टॅटू? सीरियस आह?” जाईनं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, आईस्क्रीमचा चमचा तोंडातच ठेवून विचारलं. मग तिनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चमचा काढला. “ओके. पण लोटस नको लाह, प्लीज. आणि त्या ‘ब्रीद’ वगैरे लिहितात ना, तेही नको.” निशिकांत म्हणाला, “आधी डॉक्टरला विचार.” तो प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतो, पण या वेळी ते बरोबर होतं. डॉक्टरनं हात तपासला, खूण जुनी आहे, वाढत नाही, हरकत नसावी, असं म्हणाला, आणि वर सावधपणे जोडलं की ज्याला अशा कातडीची सवय आहे, त्याच्याकडेच जा. झालं. प्रणिताच्या अंगात बँक संचारली. तिनं असा तपास सुरू केला, की एखाद्या परदेशी कंपनीला कर्ज द्यायचं असतं तरी इतक्या चौकशा झाल्या नसत्या. पहिल्या ठिकाणी दाढीवाल्या तरुणानं लांबूनच हात बघितला आणि “कॅन, कॅन, नो प्रॉब्लेम” म्हणाला. हाताला बोटसुद्धा न लावता ज्याला काहीच अडचण दिसत नाही, त्याच्यापासून दोन हात लांब राहावं, हे ती नोकरीत शिकली होती. दुसरीकडे सगळं चकाचक, कॉफी, मंद संगीत. पण गोंदणाऱ्यानं हातमोजे घातलेल्या हातानं फोन उचलला, खिशात ठेवला आणि त्याच हातानं पुन्हा गिऱ्हाइकाच्या पाठीला भिडला. प्रणिता कॉफी अर्धी टाकून उठली. तिसरीकडची बाई प्रेमळ होती, पण तिच्या भिंतीवरचे सगळे फोटो आत्ताच गोंदून झालेल्या, लाल सुजलेल्या कातडीचे. वर्ष-दोन वर्षांनी ते कसे दिसतात, असं विचारल्यावर तिनं विषय बदलला. घरी येऊन प्रणिता निशिकांतला म्हणाली की या शहरात एकही माणूस नीट नाही, आणि मनातून तिला थोडं बरंही वाटलं. नीट माणूस मिळालाच नाही तर प्रश्नच मिटला.

हुइ शान मिळाली ती जाईच्या मैत्रिणीच्या मावशीकडून. सेरंगूनकडे, दुकानांच्या एका जुन्या ओळीत, गोड पदार्थांच्या दुकानावरच्या मजल्यावर तिची खोली होती. चाळिशीची, ठेंगणी, केस अगदी बारीक कापलेले. नम्रता तिच्या गावीही नव्हती. आपण या शहरातल्या उत्तम लोकांपैकी एक आहोत हे तिला ठाऊक होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. प्रणिताला ते आवडलं. प्रणितानं सुया बघायला मागितल्या, हुइ शाननं सीलबंद पाकिटं समोर टाकली आणि म्हणाली, “तारीख वाच. तुझ्यासमोर फोडीन, तुझ्यासमोर फेकीन.” शाईच्या बाटल्या, वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, ते नीट चालतं की नाही हे कधी तपासलं, सगळ्याची उत्तरं तयार होती. उलट शेवटी तीच म्हणाली, “आणखी विचार. लोक विचारत नाहीत, ते मला आवडत नाही.” मग तिनं फोटो दाखवले, आणि ते सगळे जुने होते, चार-पाच वर्षांपूर्वी गोंदलेले. गव्हाळ, सावळ्या, काळ्या कातड्या होत्या, ऑपरेशनचे टाके होते, भाजलेल्या पाठी होत्या. “ताजा फोटो सगळ्यांचाच छान येतो,” ती म्हणाली. मग उठून तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश, आणि हातमोजे चढवून समोर बसली. “लावू हात?” असं तिनं विचारलं. प्रणिताला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तिनं मान हलवली. हुइ शाननं डोळे मिटले आणि अंगठा त्या कातडीवरून मनगटापासून वर न्यायला सुरुवात केली, थांबत, दाबत, बाजूला ओढत, परत मागे येत. प्रणिता तिच्याकडे बघत राहिली. डोळे मिटलेली बाई आपल्या हाताकडे बघतेय, असं तिला वाटलं.

“इथे पातळ आहे, शाई फुटेल. इथे जाड, इथे सुई घालणार नाही मी,” हुइ शान डोळे उघडून म्हणाली. “या कडेची कातडी चांगली आहे. कुणीतरी काळजी घेतलीय तुझी. रोज तेल लावलंय लहानपणी, हो ना?” प्रणिताला ते आत्ता आठवलं. लावलंय. खोबरेल. रात्री, दिवा मालवून. इतक्या वर्षांत तिला अंधारच आठवत होता, तेल विसरूनच गेली होती. मग तिनं धीर करून सांगितलं की हे सगळं झाकायचं आहे. हुइ शाननं मान हलवली. “झाकायचं असेल तर बाही आहे की. छान बाही आहे. मी झाकत नाही. जे आहे त्याच्या बरोबरीनं जाते.” त्या दिवशी तिनं फक्त चांगल्या कातडीवर एक आणि कडेला एक असे बारीक ठिपके गोंदले आणि महिन्यानं यायला सांगितलं. ठिपके कसे बसतात ते बघितल्याशिवाय पुढे काही नाही. बाकीच्यांनी त्याच दिवशी उरकून दिलं असतं. प्रणिता जिना उतरली ती तरंगतच. इतकं सावध माणूस आपल्या खात्यात असतं तर, असं तिच्या मनात आलं.

महिन्यानं ठिपके जसेच्या तसे होते. हुइ शाननं पेन घेतलं आणि सरळ हातावरच काढायला लागली. कागद नाही, छाप नाही. कोपराजवळच्या जाड कडेपासून एक वेल निघाली, पातळ कातडीला वळसा घालून खाली आली, जिथे ओढल्यासारखं होतं तिथे पानं मिटली, आणि मनगटाशी फुलं आली. “बुंगा तेलांग,” ती म्हणाली, “निळी असतात, आमच्याकडे भातात रंग म्हणून घालतात.” प्रणितानं ओळखली. गोकर्ण. मुलुंडला गॅलरीच्या गजांवर चढलेली असायची, आई देवाला घालायची. हे तिनं हुइ शानला कधीच सांगितलं नव्हतं. हुइ शाननं ती निवडली होती, कारण गव्हाळ कातडीवर तो गडद निळा टिकतो आणि खुणेच्या रेघा वेलीसारख्याच वळत होत्या. कारण इतकं साधं होतं. प्रणिता आरशात बघत राहिली. खूण कुठेच लपली नव्हती. ती मधोमध तशीच होती, आणि वेल तिच्या सोबतीनं चालली होती. आपलं दुखणं इतकं नीट कुणी वाचू शकतं, याचं तिला नवल वाटलं. तिला या बाईच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती पडली नाही, “ओके” एवढंच म्हणाली.

आता एक गंमत ऐका. गोंदायचा दिवस प्रणितानं स्वतः निवडला. संकष्टी होती. वर्षानुवर्षं ती संकष्टी करत आली होती, आणि चांगल्या कामाला हाच दिवस चांगला असं तिच्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं. सकाळी आंघोळ, गणपतीला नमस्कार, चहासुद्धा नाही, अशी सेरंगूनला पोचली. खुर्चीत बसली. हुइ शाननं पाकीट फोडायच्या आधी नेहमीसारखं विचारलं, “ईट ऑलरेडी?” प्रणिता अभिमानानं म्हणाली की नाही, आज माझा उपवास आहे. हुइ शाननं पाकीट परत ठेवलं. “मग नाही.” प्रणितानं समजावलं, की सवय आहे, काही होत नाही. “सगळे असंच म्हणतात आणि मग खाली पडतात. रिकाम्या पोटी मी सुई धरत नाही. तू सुयांची तारीख वाचलीस, माझं यंत्र तपासलंस. स्वतःला नाही तपासलंस?” प्रणिताला हसू यायचं ते रडूच आलं. सगळ्या जगाची जोखीम मोजली आणि सगळ्यात मोठी जोखीम उपाशीपोटी खुर्चीत येऊन बसली होती. उपवास मोडायचा? आज, याच कामासाठी? तिनं कसंबसं सांगितलं की धान्य चालत नाही, फळं चालतात, दूध, बटाटा, दाणे, साबुदाणा... साबुदाणा म्हणजे काय हे सांगताना तिनं बोटांनी लहान लहान गोळे करून दाखवले. हुइ शाननं खिडकीतून खाली हाक मारली. थोड्या वेळानं खालच्या दुकानातून वाडगा आला. पारदर्शक, थरथरता साबुदाणा, वर नारळाचं दूध, काळा ताडाचा गूळ. प्रणिता बघतच राहिली. इथे चांगली दहा वर्षं राहून तिनं हे कधी खाल्लं नव्हतं. गोड दुकानातलं काय ते, म्हणून पुढे जायची. हुइ शान समोर हाताची घडी घालून बसली आणि वाडगा रिकामा होईपर्यंत हलली नाही. “हे पण,” तिनं तळाचा गूळ दाखवला. प्रणितानं चाटून पुसून खाल्लं. चंद्रोदयापर्यंत उपवास शाबूत होता, आणि पोटही.

मग यंत्र सुरू झालं. आवाज बारीक, चिवट. चांगल्या कातडीवर सुई चावत होती, एकसारखी, सहन होण्यासारखी. कडेला आली की वेदना एकदम वर चढायची, दातापर्यंत. आणि खुणेच्या आत जिथे संवेदनाच गेली होती तिथे नुसती थरथर, कुणी दुसऱ्याच माणसाचा हात गोंदतंय अशी. हुइ शान हातावर वाकून काम करत होती. डाव्या हातानं कातडी ताणून धरलेली, उजव्या हाताचा जोर जागेनुसार बदलणारा. कुठे श्वास रोखून एका दमात रेघ, कुठे सुई टेकवतेय की नाही असं. दर थोड्या वेळानं ती मान वर करून प्रणिताच्या चेहऱ्याकडे बघायची, हाताकडे नाही. प्रणिता मात्र हाताकडेच बघत होती, आणि इतका वेळ ती आपल्या हाताकडे कधीच बघत बसली नव्हती. आईला हे आवडेल का? आईला वाटेल, पोरीनं मुद्दाम पुन्हा टोचून घेतलं. आई म्हणेल, झालं तेवढं कमी होतं का? किंवा काहीच म्हणणार नाही, भिंतीकडे बघेल, आणि मग सगळंच वाया. तिला अचानक आठवलं, दवाखान्यात पट्टी बदलताना नर्स म्हणायची, आई, तुम्ही बाहेर थांबा. आई थांबायची नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायची, तोंडात पदराचा बोळा धरून. म्हणजे तेव्हा ती बघत होती. तेव्हा तिनं सगळं बघितलं होतं, रोज, पट्टीखालचं सगळं. आणि तेवढ्यानं तिचे डोळे भरून गेले असतील, कायमचे. प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “दुखतंय? थांबू?” हुइ शाननं सुई उचलली. “नको,” प्रणिता म्हणाली, “चालू दे.”

पुढचे दिवस खाजेचे गेले. खपल्या धरल्या, सुटल्या, जाई रोज ओरडायची, “मा, डोन्ट स्क्रॅच!” हुइ शाननं सांगितलेलं मलम, सांगितलेलं पाणी, ऊन नाही, पोहणं नाही, सगळं प्रणितानं डोळ्यांत तेल घालून पाळलं. पुन्हा दाखवायला गेली तेव्हा हुइ शान हात उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “चांगलं आहे. माझं चांगलं आहे, आणि तुझंही.” एवढं कौतुक ती कुणाचं करत नसावी. प्रणिता कोपरापर्यंतच्या बाहीत बाहेर पडली आणि वारा हाताला लागला. साधा वारा, गाड्यांच्या धुराचा, पण तिनं रस्ता ओलांडायचं थांबवून तो लागू दिला.

रविवारी दुपारी मुलुंडला कॉल लावला. वहिनीनं नेहमीसारखा फोन आईच्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. आई खुर्चीत होती, चष्मा नाकावर घसरलेला. जेवलीस का, जाई कशी आहे, पाऊस आहे का तिकडे. प्रणितानं सगळ्याला हो हो केलं. “आई, तुला एक दाखवायचंय,” ती म्हणाली, आणि बाही वर सारून हात कॅमेऱ्यापुढे धरला. आईची नजर सवयीनं बाजूला गेली. खिडकीकडे, पडद्याकडे. प्रणितानं हात खाली घेतला नाही. हात दुखायला लागला तरी घेतला नाही. “आई,” ती म्हणाली, “गोकर्ण आहे.” आई सावकाश वळली. तिनं चष्मा वर केला. नजर निळ्या फुलांवर होती, मग वेलीबरोबर वर गेली, मग वेलीच्या मधल्या जागेवर आली आणि तिथेच थांबली. “अजून ओढतं का गं थंडीत?” तिनं विचारलं. इतकी वर्षं तिच्या तोंडात अडकलेला प्रश्न होता हा. “थोडं,” प्रणिता म्हणाली. “फार नाही.” आईचा हात स्क्रीनच्या दिशेनं आला, सुरकुतलेलं बोट मोठं मोठं होत गेलं. ती फोनवरच तो हात चाचपत होती, वरून खाली, तेल लावतात तसं. आणि स्क्रीन एकदम काळी झाली. कुठेतरी बोट लागून कॉल कट झाला होता.

प्रणिता हात तसाच धरून बसली. पुन्हा लावावा का? नको. तिनं बघितलं, पुरे झालं. कदाचित रडत असेल, रडू दे. आईला फोन उचलता यायचा, लावता यायचा नाही. लावायचा तो वहिनीनंच. प्रणितानं बाही खाली ओढायला हात नेला, आणि फोन वाजला. वहिनीचा आवाज कुठेच नव्हता. स्क्रीनवर छताचा पंखा, मग आईचं कपाळ, मग एकच डोळा, अगदी जवळ. तिनं कसा लावला होता कोण जाणे.

“कट झालं गं,” आई म्हणाली. “दाखव परत.”